नऊ वर्षांनी लघवीत रक्त: जुनंच उलटलं की नवं आलं?

निवृत्त फिटर

मंडळी, नमस्कार. वय ६७. आयुष्य पाणीपुरवठ्याच्या पाइपांत गेलं, त्यामुळे जे लिहीन ते पाइपांच्याच भाषेत येईल. सांभाळून घ्या.

मे २०१५ मध्ये माझी डावी किडनी काढली. कॅन्सरची गाठ होती, पण किडनीच्या मांसात नव्हती. लघवी जिथे गोळा होते त्या नरसाळ्यासारख्या भागात होती. म्हणून किडनी, तिच्याखालची पूर्ण मूत्रनलिका आणि नलिका मूत्राशयाला मिळते तिथला मूत्राशयाचा छोटा घेर, असं सगळं एकत्र काढलं. रिपोर्टमध्ये हाय ग्रेड, म्हणजे आक्रमक जातीच्या पेशी असं होतं, पण स्नायूत शिरलेलं नव्हतं. केमो दिली नाही. सिगारेट त्या दिवशी सुटली ती सुटलीच. (३१ वर्षं ओढली. आधी सोडली असती तर काय झालं असतं, हे भाषण घरी रोज मिळतं, इथे नको.)

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण, मग सहा महिन्यांनी. पाचव्या वर्षाची दुर्बीण लॉकडाउनमुळे पुढे गेली, ती नोव्हेंबर २०२० मध्ये झाली. स्वच्छ. घरचे म्हणाले, पाच वर्षं झाली, सुटलास. मीही तेच धरून बसलो. डॉक्टरांनी कागदावर ‘यापुढे वर्षातून एकदा’ असं लिहून दिलं होतं, त्याप्रमाणे २०२१ ला गेलो. २०२२ ला हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. २०२३ ला काहीच कारण नव्हतं. नाही गेलो, बस.

आता मुद्दा. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी लघवी लाल. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फिकट, संध्याकाळपर्यंत नेहमीसारखी. हृदयात स्टेंट आहे, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. नेहमीच्या डॉक्टरांनी तेच कारण धरलं, लघवी तपासली आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. मीही खूश. बाराव्या दिवशी परत तेच, या वेळी गुठळीसकट.

मग मात्र जुन्या युरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी तिथल्या तिथे जेली सोडून दुर्बीण टाकली. पडदा माझ्याही समोर होता. मूत्राशयाच्या उजव्या भिंतीवर पाण्यात शेवाळ हलावं तसं काहीतरी हलत होतं. दीड सेंटिमीटर. येत्या गुरुवारी भूल देऊन दुर्बिणीतूनच खरवडून काढणार आहेत.

माझा प्रश्न फिटरचा आहे. वरची टाकी काढली, लाइन काढली, जॉइंटसुद्धा कापून काढला. खालच्या टाकीत नऊ वर्षं पाणी स्वच्छ. मग आता ही घाण आली कुठून? इतकी वर्षं कुठे दडून बसली होती, की हे नवंच काही आहे? आणि मधली दोन वर्षं चुकवली नसती तर? डॉक्टर म्हणाले, आधी बायोप्सी येऊ द्या. त्यांचं बरोबर आहे, पण तोवरच्या रात्री मला काढायच्या आहेत. ज्यांच्यावरून हे गेलंय त्यांनी लिहा. ‘सकारात्मक राहा’ एवढं मात्र कोणी लिहू नका.


शुभचिंतक

काका, मला तर गोळीचाच परिणाम वाटतो. आठवडाभर बंद करून बघा, फरक कळेल. आमच्या नात्यात एकांना किडनीसाठी झाडपाल्याची पुडी लागू पडली. हवी असेल तर मेसेज करा.


दुसरा डाव

माझी उजवी किडनी २००६ ला काढली. तेरा वर्षांनी, २०१९ मध्ये, पित्ताशयातल्या खड्यांसाठी तपासणी केली तर स्वादुपिंडात दोन गाठी. मला वाटलं हा तिसराच आजार. बायोप्सीत पेशी निघाल्या किडनीच्या. दहा वर्षं झाल्यावर मी जुनी फाइल माळ्यावर टाकली होती. ती उतरवताना शिडीवरून पडायचा बाकी होतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण उशिरा येतं हे खरं, एवढं स्वतःच्या पोटावरून सांगतो.


ओपीडीताई

युरोलॉजीच्या ओपीडीत आणि ओटीत मिळून १७ वर्षं झाली. नर्स आहे, डॉक्टर नाही, त्या हिशेबाने वाचा.

आधी शुभचिंतक. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाला परस्पर गोळी बंद करायला सांगू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर लघवीचा रंग बघायला माणूस उरणार नाही. ऑपरेशनसाठी थांबवायची का, किती दिवस, हे हृदयाचे आणि युरोलॉजीचे डॉक्टर मिळून ठरवतात. आणि गोळीमुळे रक्त आलं हे अर्धंच उत्तर असतं. गोळीने रक्त सहज वाहतं, पण वाहायला आधी जागा लागते. म्हणून गोळी चालू असली तरी दुर्बीण आणि सीटी चुकत नाही. पुडीचं म्हणाल, तर अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती ज्या औषधांत असतात त्यांनी किडनी खराब होते आणि कॅन्सर होतो तोही नेमका हाच, नरसाळ्याचा आणि नलिकेचा. बाल्कन देशांत आणि तैवानमध्ये हे नीट अभ्यासलं गेलंय. पुडीत काय आहे हे पुष्कळदा देणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि काकांकडे किडनी एकच आहे.

दुसरा डाव, तुमचा आजार किडनीच्या मांसाचा. तो रक्तातून फिरतो आणि दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात, हाडात, स्वादुपिंडात किंवा दुसऱ्या किडनीत उगवू शकतो. काकांचा अस्तराचा. दोघांची किडनी गेली, म्हणून आजार एक होत नाही. फाइलवर नाव बघून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते.

काका, तुमच्या हिशेबात एकच गडबड आहे. टाकीत घाण साचली नव्हती, आतला लेप बिघडला होता. नरसाळ्यापासून नलिका, मूत्राशय आणि पुढे मूत्रमार्गाच्या सुरुवातीपर्यंत आतून एकाच जातीच्या पेशींचं सलग अस्तर असतं. सिगारेटमधली रसायनं रक्तातून किडनीत गाळली जातात आणि लघवीत उतरतात. ३१ वर्षं त्या लघवीने सगळंच अस्तर भिजलं. वरचा तुकडा काढला. मूत्राशयाने तर तेच पाणी तासन्‌तास धरून ठेवलेलं.

दुसरा रस्ता बियांचा. वरच्या गाठीच्या पेशी सुटून लघवीबरोबर खाली येतात आणि मूत्राशयाला चिकटतात. जनुकं तपासल्यावर बऱ्याच रुग्णांत वरची आणि खालची गाठ एकाच मूळ पेशीच्या वंशातली निघाली आहे. म्हणून आता किडनी-नलिका काढल्यावर थोड्या दिवसांत मूत्राशयात केमोच्या औषधाचा एक डोस सोडतात. २०११ मध्ये छापलेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत मायटोमायसिनच्या एका डोसाने पहिल्या वर्षातल्या खालच्या गाठी कमी झाल्या होत्या. तुमच्या वेळेपर्यंत हे सगळीकडे रुळलं नव्हतं. मुद्दाम सांगते, नाहीतर उद्या तुम्ही त्यावरून डॉक्टरांशी भांडाल.

या ऑपरेशननंतर मूत्राशयात परत गाठ येण्याचं प्रमाण साधारण २२ ते ४७ टक्के सांगतात. दुसऱ्या बाजूच्या किडनी-नलिकेत २ ते ६ टक्के. मूत्राशयातल्या बहुतेक पहिल्या दोन वर्षांत दिसतात, तेव्हा नववं वर्ष म्हणजे उशीरच. बियांचं पीक सहसा लवकर येतं, त्यामुळे इतक्या उशिराचं अस्तरातून नव्याने उगवलेलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखीच दिसतात आणि दोन्हीवरचे उपचारही तेच.

पाच वर्षांचं म्हणाल तर तो आकडा मोजणीच्या सोयीचा. अस्तराला तो माहीत नाही. हाय ग्रेडवाल्यांना पाच वर्षांनंतरही दर वर्षी दुर्बीण सांगतात ती त्यासाठीच. २०२३ ला गेला असतात तर कदाचित लहान असताना दिसली असती, कदाचित नसतीही. दीड सेंटिमीटरच्या गाठीचा जन्मदाखला कोणाकडे नसतो.

एक विचारते. २०१५ ला तुम्ही ५८ चे होतात. घरात कोणाला मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालाय का? उगाच विचारत नाही.


निवृत्त फिटर

ताई, लेपाचं पटलं. पाइपच्या आतल्या सिमेंटच्या अस्तराला एका जागी पोपडे आले की आम्ही तेवढा तुकडा बदलून गप्प बसत नसू, सगळ्या लाइनवर संशय घ्यायचो. स्वतःच्या बाबतीत मात्र तुकडा बदलला आणि घरी गेलो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाने झोप उडवलीत. थोरल्या बहिणीची पिशवी ४६ व्या वर्षी कॅन्सरमुळे काढली. मामांचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, तेही पन्नाशीच्या आत. आईचे वडील ‘पोटाच्या गाठीने’ गेले असं ऐकत आलोय. कसली गाठ, आता कोणाला विचारणार? हे मला कधी कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बहिणीचं दुखणं बायकांचं, मामांचं पोटाचं, माझं लघवीचं. यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो हे डोक्यातच आलं नाही.


ओपीडीताई

काका, गुरुवारच्या आधी हे सगळं एका कागदावर लिहा. कोण, कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. आणि डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगू नका, ओपीडीच्या गर्दीत तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

याला लिंच सिंड्रोम म्हणतात. म्हणजे आहेच असं नाही, पण विचारायला हवं असं घराणं आहे. पेशी डीएनएची नक्कल करताना चुका करतात, त्या दुरुस्त करणारी चार जनुकं आहेत: एमएलएच-वन, एमएसएच-टू, एमएसएच-सिक्स, पीएमएस-टू. त्यातल्या एकाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असली की आतडं, गर्भाशय आणि तुमच्यासारखं वरचं अस्तर, अशा ठिकाणी कमी वयात कॅन्सर होतो. एमएसएच-टू बिघडलेलं असेल तर लघवीच्या मार्गाचा धोका जास्त. तपासणीची पहिली पायरी रक्तसुद्धा मागत नाही. २०१५ मध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा पॅथॉलॉजीत मेणात जपलेला असू शकतो, त्यावर या चार प्रथिनांचे रंग लावून बघतात. एखाद्याचा रंग चढलाच नाही तर पुढे रक्तातून जनुकं.

हे बिघडलेलं निघालं तर तुमच्या प्रत्येक मुलाला ते असण्याची शक्यता निम्मी. घाबरवत नाही. मुलांना आतड्याची दुर्बीण वेळेवर सुरू करता येते. त्यात कॅन्सर होण्याआधीचे कोंब दिसतात आणि तिथेच काढता येतात.


पिशवीवाल्यांची लेक

काका, बाबांचं तुमच्या उलट झालं म्हणून लिहिते. त्यांचं मूत्राशय काढलं आणि आतड्याच्या तुकड्याची वाट करून लघवी पोटावरच्या पिशवीत आणली. खालची टाकीच काढली, आता काय उरलं असं आम्हाला वाटायचं. सातव्या वर्षी पिशवीत गुलाबी पाणी. पोटावरच्या तोंडाची कातडी पिशवी बदलताना खरचटते, रक्ताचे थेंब येतात, हे आम्हाला माहीत होतं. तेच असणार म्हणून मी दोन-अडीच महिने पिशवीचा ब्रँड बदलत बसले, पावडर बदलली, गोल कापण्याचं माप बदललं. बाबांना काही दुखत नव्हतं. मग सोनोग्राफीत एक किडनी फुगलेली दिसली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं. सीटीत नलिकेच्या वरच्या टोकाला गाठ.

डॉक्टर म्हणाले, मूत्राशय काढल्यावर खूप उशिरा जे परत येतं ते बहुतेकदा वरच्या मार्गातच. हे वाक्य मला सात वर्षं आधी कोणी फळ्यावर लिहून द्यायला हवं होतं. ती किडनी काढली. बाबा त्यानंतर चार वर्षं होते आणि शेवट कॅन्सरने झाला नाही, हृदयाने झाला.

त्या पावडरीच्या दिवसांचं माझ्या मनातून अजून जात नाही. तुमच्या बाराव्या दिवसाच्या रक्ताचं वाचलं आणि बोटं आपोआप टाइप करायला लागली. तुम्ही दुसऱ्या वेळी लगेच गेलात, एवढं मला लिहायचं होतं.

ताईंना विचारते: काकांची उरलेली किडनी आणि नलिका बघितली का? पोस्टमध्ये फक्त मूत्राशयाचं दिसतंय.


ओपीडीताई

बरोबर पकडलंत. सगळे खालच्या गाठीकडे बघतात आणि वर बघायचं राहून जातं. काका, क्रिएटिनिन काय आहे बघा आणि सीटी युरोग्राफीबद्दल विचारा. एकच किडनी म्हटल्यावर त्या सीटीसाठी शिरेतून द्यायच्या औषधाबद्दल विचार करावा लागतो, पण तो डॉक्टर करतील. आकडा फारच वाईट असेल तर एमआरआयचा रस्ता असतो. गाठ काढतील तेव्हा रिपोर्टमध्ये तीन गोष्टी वाचा: ग्रेड, किती खोल, आणि नमुन्यात स्नायू आला होता की नाही. स्नायूच नसेल तर ‘स्नायूत शिरलेलं नाही’ या वाक्याला काही किंमत नाही. अशा वेळी, किंवा अस्तराखालच्या थरात शिरलं असेल, म्हणजे टी-वन असेल तर, दोन ते सहा आठवड्यांत परत आत जाऊन बघतात. त्याला घाबरू नका.


निवृत्त फिटर

सोळा दिवसांनी लिहितोय.

ऑपरेशन अर्ध्या तासात आटोपलं. कमरेखाली भूल होती. डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ क्रिकेटवर बोलत होते, मी छत बघत होतो. दोन दिवस नळी. नळी काढल्यावरची पहिली लघवी म्हणजे काचेचे तुकडे, तिसरी ठीक. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून दोन गोळ्यांतली एक चालू ठेवली होती, एक थांबवली होती. दोन्ही परत सुरू झाल्या.

रिपोर्ट: हाय ग्रेड, टीए, म्हणजे अस्तरापुरतीच. खालच्या थरात शिरलेली नाही. नमुन्यात स्नायू आलाय आणि तो मोकळा आहे. हे वाक्य मी चार वेळा वाचलं, मग हिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून तिने देवापुढे दिवा लावला. क्रिएटिनिन १.४, माझं गेली नऊ वर्षं तेवढंच आहे. सीटीत उजवी किडनी आणि नलिका स्वच्छ.

जागा जुन्या जॉइंटपासून लांब, पार समोरच्या भिंतीवर. डॉक्टरांना परत विचारलंच, जुनं की नवं? ते म्हणाले, मला विचाराल तर नवं, पण कोर्टात शपथेवर सांगणार नाही.

कागद दिला त्यांना. चष्मा काढून दोनदा वाचला. म्हणाले, हा कागद २०१५ ला हवा होता. मी काहीच बोललो नाही. तेव्हा दुसरे डॉक्टर होते आणि विचारायला हवं होतं हे खरं, पण बहिणीच्या ऑपरेशनला रात्रभर बाहेरच्या बाकावर बसलेलो मीच होतो, आणि मलाही ते जोडता आलं नाही. जुना तुकडा सापडला. नऊ वर्षांनी मेणातला तुकडा एका माणसाने दहा मिनिटांत कपाटातून काढून दिला, त्यावर मोत्यासारख्या अक्षरात नंबर. आमच्या खात्यात गेल्या वर्षीचा नकाशा सापडत नसे. निकाल यायचाय. मुलीला सांगितलं, ती म्हणाली निकाल आला की मी लगेच तपासून घेते. मुलगा विषय काढला की फोन दुसऱ्या खोलीत नेतो. वय ३४. नेऊ दे चार दिवस.

आता मूत्राशयात बीसीजी द्यायची ठरलीय, आठवड्याला एक अशा सहा, मग पुढे मधूनमधून तीन-तीन. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. क्षयाची लस ती, नातवाला दिलेली! डॉक्टर म्हणाले तीच. १९७६ मध्ये कॅनडात मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांवरचे निकाल छापले, तेव्हापासून वापरतात. औषध कॅन्सरला मारत नाही, शरीराच्या पोलिसांना तिथे बोलावून आणतं म्हणे.

पण अडचण वेगळीच आहे. ते दोन तास आत धरून ठेवायचं म्हणतात. ऑपरेशन झाल्यापासून मला पाऊण तासही धरवत नाही. ताई, काही युक्ती?


ओपीडीताई

रिपोर्ट वाचून बरं वाटलं, काका.

पहिला डोस जखम भरल्यावरच, निदान दोन आठवड्यांनी, त्यामुळे तोवर धरण्याची ताकद बरीच परत येईल. डोसाच्या आधी चार तास पाणी आणि चहा कमी. लघवीची गोळी चालू असेल तर त्या सकाळी कधी घ्यायची ते विचारून घ्या. आत सोडण्याआधी मूत्राशय पूर्ण रिकामं करतात, म्हणजे किडनी जेवढी भरेल तेवढंच. दीड तास जमला तर दीड. वेड्यासारखं दाबून ओल्या कपड्यांनी घरी जाऊ नका, सांगा आम्हाला, लिहून ठेवतो. नंतर सहा तास बसूनच लघवी करायची, शिंतोडे नकोत, आणि प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटांनी पाणी सोडायचं, कारण ते जिवंत जंतू आहेत. त्या दिवशी थोडी जळजळ, कणकण चालते. ताप १०१ च्या वर गेला, किंवा दोन दिवस उतरला नाही, तर रात्र असली तरी फोन करायचा. आणि लघवीत इन्फेक्शन किंवा लाल रक्त असेल त्या दिवशी डोस घ्यायचा नाही, आधी सांगायचं.


निवृत्त फिटर

ब्लीचचं काम मला जमेल. तेवढ्यावरच पगार घेतलाय मी ३३ वर्षं.

पहिला डोस पुढच्या मंगळवारी. तुकड्याचा निकाल आला की इथेच लिहितो.